रस्ता उत्तरपत्रिका तपासून देत नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर केला तो मुद्दामच. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस, "सर, मी मुळातच कोरड्या मनाची आहे का?" या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर दिले असते तर ते नुसते सांत्वन झाले असते, आणि सांत्वन तुला नको आहे हे दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेल्या त्या ओळीवरून मला दिसत होते.

घटना मला नीट समजली आहे ना, हे आधी पाहू. कामावरून परतताना, दिवेलागणीच्या वेळी, तू चौकातल्या सिग्नलपाशी उभी होतीस. समोरून पन्नाशीचा एक माणूस अडखळत आला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, ओठ हलत होते पण शब्द लागत नव्हते, आणि जवळ येताच त्याने तुझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे हात केला. तू पिशवी छातीशी ओढलीस आणि म्हणालीस, "एवढी प्यायची तर घरी बसून प्यावी, लाज नाही वाटत?" शेजारचे दोघे हसले. दिवा बदलला, तू रस्ता ओलांडलास आणि तो मागे येतो आहे का ते पाहण्यासाठी वळलीस. तो पदपथाच्या कठड्याला धरून खाली बसला होता. एक शाळकरी मुलगा त्याच्याजवळ वाकला होता, कोणीतरी त्याच्या खिशातून एक कार्ड काढून मोठ्याने वाचले, दुसऱ्या कोणीतरी गोड पेयाची बाटली त्याच्या हातात दिली. दहा-पंधरा मिनिटांनी तो ताठ बसून कपाळ पुसत होता. रस्ता ओलांडून आलेल्या एकाकडून तुला कळले की त्याला मधुमेह होता आणि साखर एकदम उतरली होती. मग तुझ्या लक्षात आले की तुझ्या पिशवीतूनही तसलीच एक बाटली डोकावत होती. हे सगळे होईपर्यंत तू पलीकडच्या कडेला उभीच होतीस, परत गेली नाहीस. तुला सर्वांत जास्त टोचते आहे ते हेच, असे मला वाटते.

आता पहिली गोष्ट. तुझा अंदाज चुकला, पण तो मूर्खपणाचा नव्हता. मेंदूचे मुख्य इंधन रक्तातली साखर. ती डेसिलीटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवते, म्हणजे दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. तरीही साखर मिळाली नाही तर मेंदूचेच काम बिघडू लागते. जीभ जड होते, पाय एका रेषेत पडत नाहीत, माणूस विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो, कधी विनाकारण अंगावर येतो. ही यादी कोणाही वाटसरूला दाखवून हे काय आहे असे विचारलेस, तर दहापैकी नऊ जण दारूचेच नाव घेतील. रस्त्यावर आपल्याला कारण दिसत नाही, दिसतात ती फक्त लक्षणे. आणि या दोन कारणांची बाहेरून दिसणारी लक्षणे जवळजवळ एकच आहेत.

या गल्लतीचे एक प्रकरण तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये शार्लट या शहरात डेथॉर्न ग्रॅहम नावाच्या मधुमेही माणसाला साखर उतरू लागल्याचे जाणवले. मित्राच्या गाडीने तो संत्र्याचा रस घेण्यासाठी एका दुकानात शिरला, आत लांब रांग दिसली म्हणून तसाच घाईने बाहेर आला आणि आपल्याला दुसऱ्या एका ओळखीच्या घरी ने असे त्याने मित्राला सांगितले. एका पोलिस अधिकाऱ्याने पाहिले ते इतकेच, की एक माणूस दुकानात शिरला आणि लगेच पळतच बाहेर पडला. त्याने गाडी अडवली. मित्राने मधुमेहाचे सांगितले. ग्रॅहम पदपथाच्या कडेला बसून क्षणभर बेशुद्धही झाला. तेवढ्यात आलेल्या कुमकेतील एका पोलिसाने, मधुमेही आपण पुष्कळ पाहिले आहेत, असे कोणी वागत नाही, हा नुसता प्यायलेला आहे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे निकालपत्रात नमूद आहे. ग्रॅहमने आपल्या पाकिटात मधुमेही असल्याची खूण आहे ती पाहा असे विनवले तर त्याला गप्प बसायला सांगण्यात आले. एका मित्राने रस आणून दिला तर तो त्याच्यापर्यंत पोचू दिला गेला नाही. त्या झटापटीत त्याच्या पायाचे हाड मोडले. १९८९ मध्ये निकाल देताना न्यायालयाने जो निकष सांगितला तो पुढे तिथल्या पोलिसी बळाच्या खटल्यांत वापरला जाऊ लागला. कृती वाजवी होती की नाही हे मागाहून मिळालेल्या ज्ञानावरून ठरवू नये, त्या जागी त्या क्षणी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून ठरवावे, असा तो निकष. त्या निकषावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि त्यातली काही मलाही पटते. तरी त्याचा अर्धा भाग मी तुझ्यासाठी उसना घेतो आहे. त्या वेळी तुला कार्ड दिसले नव्हते. दिसत होता अंधारात अंगावर येणारा एक अनोळखी पुरुष आणि पिशवीकडे आलेला त्याचा हात. मागे सरकण्याचा तुला पूर्ण हक्क होता.

पण त्याच प्रकरणाचा दुसरा अर्धा भागही पाहा. तिथे कार्ड दाखवण्याची तयारी होती, मित्राचे सांगणे होते, रसही दारात आला होता. पहिला अंदाज चुकणे समजण्यासारखे होते. त्या अंदाजाला खोटे पाडणारे तीन पुरावे एकामागून एक समोर येऊनही तो जागचा हलला नाही, याला मात्र माझ्याकडे सबब नाही. तुझ्या बाबतीत पुरावा यायला वेळच मिळाला नाही, आणि पुरावा आल्यावर तू डोळे मिटले नाहीस. हा फरक लहान नाही.

आता तुझा प्रश्न. "मी कोरड्या मनाची आहे का?" जरा थांबून या प्रश्नाची घडण पाहा. तो माणूस अडखळला, त्यावरून तू ठरवलेस की तो दारुडा आहे. तू पिशवी ओढून चार शब्द बोललीस, त्यावरून आता ठरवू पाहते आहेस की तू निष्ठुर आहेस. दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटाच्या वागण्यावरून तू अख्ख्या स्वभावावर उडी मारली आहेस. फक्त पहिल्या वेळी समोर तो होता आणि दुसऱ्या वेळी तू स्वतः आहेस. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या सवयीला जे नाव दिले, त्याचे भाषांतर आपण मानसशास्त्राच्या वर्गात 'गुणारोपणातील मूलभूत चूक' असे करीत असू, आणि परीक्षेत त्यावर दरवर्षी दहा गुणांचा प्रश्न असे. माणूस जे करतो ते त्याच्या स्वभावामुळे करतो असे आपण भराभर मानून टाकतो, आणि तो ज्या परिस्थितीत सापडलेला असतो तिला जमेस धरत नाही. तू त्या प्रश्नाचे उत्तर चांगले लिहिले असणार. पण उत्तर लिहिता येणे आणि रस्त्यावर ते आठवणे यांच्यात किती अंतर आहे, ते मी तुला माझ्याच उदाहरणाने सांगणार आहे. त्याआधी, ही चूक होते कशी, यासाठी वर्गात अभ्यासलेल्या एका प्रयोगाची आठवण करून देतो, कारण तो तुझ्या त्या संध्याकाळीला अगदी चपखल लागू पडतो.

१९८८ मध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना आवाज बंद केलेली एक चित्रफीत दाखवली. तीत एक स्त्री अनोळखी माणसाशी बोलताना अस्वस्थ दिसत होती, चुळबुळत होती. खाली तिच्या संभाषणाचे विषय दिसत होते. काहींना दाखवलेले विषय साधे होते, तर काहींना दाखवलेले विषय कोणालाही संकोच वाटावा इतके खासगी होते. अवघड विषयावर बोलणारी स्त्री चुळबुळणारच. त्यावरून ती स्वभावतः घाबरट आहे असे म्हणता येत नाही, आणि निवांत बसून पाहणाऱ्यांनी ही सूट तिला दिलीही. पण निम्म्या प्रेक्षकांना एक जादा काम होते, ते विषय पाठ करण्याचे. गंमत पाहा, तिच्या अस्वस्थतेचे कारण ज्यांनी अक्षरशः घोकून ठेवले होते, त्यांनीच ते कारण हिशेबात घेतले नाही आणि तिला घाबरट ठरवले. निष्कर्ष असा, की समोरच्याचे वागणे पाहून त्याच्या स्वभावावर शिक्का मारणे हे मन आपोआप करते, त्याला श्रम पडत नाहीत. तो शिक्का दुरुस्त करायला मात्र मोकळे मन लागते, आणि मन दुसऱ्या कामात गुंतलेले असले की ही दुरुस्तीची पायरी राहूनच जाते.

त्या संध्याकाळी तुझे मन किती कामांत गुंतलेले होते ते तूच लिहिले आहेस. कामावर झालेली बोलाचाली डोक्यात चालू होती, सिग्नलचे आकडे उतरत होते, फोन वाजत होता, पिशवीचा बंद खांद्यावरून घसरत होता. अशा मनात शिक्का मारण्यापुरती जागा होती, तो पुसण्यापुरती नव्हती. घाईचे तर विचारूच नकोस. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतील ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन यांनी केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला निघालेल्या या भावी धर्मोपदेशकांच्या वाटेत एक माणूस दारात खोकत, कण्हत मान टाकून बसलेला होता. ज्यांच्या हाताशी भरपूर वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारे मदत केली. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्क्यांनी. निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूची बोधकथा, पण त्यानेही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. निघून गेलेल्यांपैकी काहींना तो माणूस अडचणीत असावा हे नंतर विचारल्यावर उमगले. तुलाही ते रस्ता ओलांडल्यावर उमगले, तोवर दिवा बदलून गेला होता.

आता माझी गोष्ट. हे सारे मी वर्गात शिकवत असतानाची आहे, आणि नेमका हाच धडा ज्या दिवशी शिकवला त्याच संध्याकाळची आहे. असे योगायोग रचून सांगितलेले वाटतात, पण माझा इलाज नाही. बसथांब्यावर एक तरुण उभा होता. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात मोबाइल, तोही चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरलेला, आणि त्याचा अंगठा पडद्यावर सरकत होता. तो वाचत होता, यात शंका नव्हती. बस आली तशी गर्दीने त्याला वाट करून दिली आणि तो काठी टेकत पुढे सरला. दिवसभर उभे राहून माझे पाय दुखत होते. मी त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "वाचायला तर छान येते, मग काठी कशाला?" तो वळला. माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या थोडा पलीकडे पाहत तो शांतपणे म्हणाला, "नळीतून पाहावे तेवढेच दिसते मला. मोबाइल त्यात मावतो, पायरी मावत नाही." मग त्याने विचारले, "ही बस कितव्या क्रमांकाची आहे?" मी क्रमांक सांगितला. आमच्यात झालेले संभाषण एवढेच. मला माफी मागायची होती, पण जिभेवर आला तो फक्त बसचा क्रमांक.

दृष्टिपटलाचे काही आजार असे असतात की नजर कडांकडून आत आक्रसत जाते. मधले अक्षर दिसते आणि बाजूची मोटार दिसत नाही. दृष्टिहीन म्हणवल्या जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना थोडेफार काही दिसत असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पांढऱ्या काठीचा इतिहासही ठाऊक होता. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज या छायाचित्रकाराची अपघातात दृष्टी गेल्यावर, वाढत्या रहदारीत आपण वाहनचालकांच्या नजरेस पडावे म्हणून त्याने १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगवली. म्हणजे काठीचा तो रंग मुळात परक्यांसाठीच आहे, त्यांनी क्षणभरात ओळखावे आणि सांभाळून घ्यावे म्हणून. आणि मी काय केले, तर ती काठी हे प्रमाणपत्र समजून ते खरे की खोटे याची भर गर्दीत तपासणी करू लागलो.

पण मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. त्या तरुणाने ते एक वाक्य उच्चारले नसते तर काय झाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला. मी घरी गेलो असतो, एका लबाड माणसाला कसे टोकले ते जेवताना सांगितले असते, आणि पुढच्या वेळी पांढरी काठी दिसल्यावर माझा संशय अधिक पक्का झाला असता. म्हणजे माझी चूक माझ्या खात्यावर अनुभव म्हणून जमा झाली असती. रस्त्यावरच्या अंदाजांची खरी गोम मला इथे दिसते. वर्गात तू उत्तर चुकवलेस तर उत्तरपत्रिका लाल शाईने रंगून परत येते. घरात, कामावर, शेजारात माणसांविषयीचे आपले मत चुकले तर ती माणसे पुन्हा भेटतात आणि मत आपोआप दुरुस्त होत जाते. रस्ता मात्र उत्तरपत्रिका घेतो आणि परत कधीच देत नाही. आपण दिवसाला डझनावारी अनोळखी माणसांना उद्धट, भित्रा, लबाड, झिंगलेला अशी लेबले लावतो, त्यातले एकही कोणी तपासत नाही, आणि तरी वर्षानुवर्षांच्या या न तपासलेल्या उत्तरांच्या जोरावर आपण म्हणतो, "मला माणूस बघताक्षणी ओळखता येतो." ज्या परीक्षेचा निकालच कधी लागला नाही, तिच्यात आपण पहिले आलो असे मानण्यातला हा प्रकार आहे. जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरॉव यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की चेहऱ्यावरून माणूस विश्वासू आहे की नाही हे मत बनवायला लोकांना सेकंदाचा दहावा भाग पुरतो. अधिक वेळ दिला तर मत फारसे बदलत नाही, मताविषयीची खात्री तेवढी वाढते. ते मत बरोबर असते असे त्यांनी म्हटलेले नाही, हे लक्षात ठेव. लोक ते ऐकताना हाच भाग विसरतात.

म्हणून मी म्हणतो, तू मागे वळून पाहिलेस हे चांगले झाले. वळलीस ती भीतीने, हे मान्य. पण हजारात एखादीच उत्तरपत्रिका परत मिळते, ती तुला मिळाली. लाल शाई बोचते म्हणून ती फाडून टाकू नकोस.

तू लिहिले आहेस की यापुढे रस्त्यात कोणाविषयी काहीही अंदाज करायचा नाही असे तू ठरवले आहेस. हे जमणार नाही, आणि जमले तर धोक्याचे ठरेल. एकट्या चालणाऱ्या मुलीने तर अंदाज करीतच चालले पाहिजे. मागून येणारी पावले जवळ येताहेत की लांब जाताहेत, हे तुझ्या कानांनी न विचारता मोजायलाच हवे. अंदाज राहू दे. त्या संध्याकाळी तू दोन वेगळ्या गोष्टी एकाच झटक्यात केल्यास, त्या फक्त सुट्या कर. एक, तू मागे सरकलीस आणि पिशवी आवळलीस. ही सावधगिरी. तो माणूस आजारी असता, प्यायलेला असता की चोर असता, तिन्ही वेळा ती योग्यच ठरली असती. दुसरी, तू त्याला चारचौघांत टाकून बोललीस. या बोलण्याने तुझी सुरक्षितता तसूभरही वाढली नाही. सावधगिरीला बोलावे लागत नाही. बोलते ती तुच्छता, आणि ती सावधगिरीच्या आडून येते म्हणून आपल्याला ओळखू येत नाही.

समजा, तो खरोखरच प्यायलेला असता. तर तुझे वाक्य बरोबर ठरले असते का? तू लिहिलेले पत्र वाचताना मला सारखे वाटत होते की तुला दुःख आहे ते तो 'निर्दोष' निघाला याचे. तो दारुडा निघाला असता तर तू हे पत्र लिहिलेच नसतेस. पण प्यायलेला माणूसही कठड्यावरून डोक्यावर आपटतो, मोटारीखाली जातो, उताणा पडून उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरतो. त्यालाही साखर उतरण्याचा धोका असतो, कारण रिकाम्या पोटी घेतलेली दारू यकृताला साखर सोडू देत नाही. म्हणजे तुझी दोन कारणे, दारू आणि आजार, एकाच माणसात एकाच वेळीही असू शकतात. मदतीला पात्र ठरण्यासाठी आधी निर्व्यसनी असल्याचा दाखला आणावा, ही अट आपण कोणी आणि कधी घातली याचा जरा विचार कर. या बाबतीत माझे मत तुला कडक वाटेल, पण ते मी बदलणार नाही.

मग करायचे काय? फार काही नाही. दोन हात अंतर ठेवून एकच प्रश्न विचारायचा, मोठ्याने आणि साध्या आवाजात: "बरे वाटत नाही का?" हा प्रश्न आजाऱ्याला उपयोगी पडतो, प्यायलेल्याचा अपमान करीत नाही, आणि मनात वाईट असलेल्याला कळते की आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे. शेजारचे जे दोघे तुझ्या वाक्यावर हसले, तेच दोघे या प्रश्नावर थांबले असते. गर्दी पहिल्या आवाजाचा सूर उचलते, हे तू यापुढे पाहत राहा. उत्तर आले नाही, किंवा जड जिभेने आले, तर आणखी कोणाला तरी बोलावून घे, एकटी पुढे होऊ नकोस. शुद्धीवर असलेला आणि गिळू शकणारा माणूस 'साखर' म्हणत असेल तर साखर असलेले काहीही गोड चालते, बिनसाखरेचे पेय मात्र उपयोगाचे नाही. साधारण १५ ग्रॅम साखर देऊन १५ मिनिटे वाट पाहावी, हा रुग्णांना शिकवला जाणारा ठोकताळा आहे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली असेल किंवा एक हात उचलत नसेल तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे गोड पेयाची वाट पाहत बसू नये, मिनिटे मोजावीत. कोणता आजार आहे हे तुला कळायलाच हवे असे अजिबात नाही. मला मानसशास्त्र शिकवूनही कळले नव्हते.

तू विचारतेस, त्याच वेळी रोज त्या चौकात उभी राहून त्याला शोधू का? एक-दोनदा थांबलीस तर हरकत नाही. पण माफी मागण्यासाठी माणूस धुंडाळताना आपण त्याच्याकडून पुन्हा काहीतरी मागतच असतो, या वेळी आपल्या मनाची शांती, याचे भान असू दे. त्याला ती संध्याकाळ नीट आठवतही नसेल; साखर इतकी उतरल्यावर मधली काही मिनिटे पुष्कळांच्या स्मरणातून पुसली जातात. ज्याला तुझे वाक्य कदाचित आठवतच नाही, त्याला ते पुन्हा ऐकवून मग क्षमा मागणे हे त्याच्यासाठी नसेल, तुझ्यासाठी असेल. भेटला, आणि त्याने ओळखले, तर माग. एरवी पिशवीतली बाटली तशीच राहू दे.

एक काम मात्र तुला सांगतो, आणि ते टाळू नकोस. तुझे पत्र मी पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचले. सुरुवातीच्या दीड पानात त्या माणसासाठी तू गबाळा, झिंगलेला, अंगचटीला येणारा, भेसूर वगैरे सहा विशेषणे वापरली आहेस. शेवटच्या पानावर बिचारा, असहाय, सालस, सोशिक अशी चार. घामाने चिकटलेला शर्ट, हलणारे ओठ, पिशवीकडे आलेला हात, एवढेच काय ते त्या दहांच्या फटींतून मला वेचून घ्यावे लागले. तो सालस आहे हे तुला कोणी सांगितले? तो कदाचित घरी जाऊन सगळ्यांवर ओरडला असेल. आजारी माणूस सज्जनच असतो असे नाही. म्हणजे या क्षणापर्यंत तुला तो दिसलेला नाही, दोनदा वेगवेगळ्या रंगात रंगवलेला आहे इतकेच.

तेव्हा ते अर्धे मिनिट मला पुन्हा लिहून पाठव, एकही विशेषण न वापरता. त्याच्या पायात काय होते, हात उघडा होता की मूठ आवळलेली, तो तुझ्याकडे पाहत होता की बाटलीकडे, पुटपुटण्यातला एखादा तरी अक्षराचा तुकडा कानावर आला होता का. जे आठवत नाही तिथे जागा कोरी सोड. पान बहुतेक कोरेच येईल, पण घाई नाही, मी वाट पाहीन.

तुझा,
जुना शिक्षक